अठ्ठाविसावा दिवस

अल ऐन. बाहेर सत्तेचाळीस अंश,
आत बर्फावर मेणाचा ठोकळा.
पाच मायक्रॉनची चकती कापते मी:
सशाच्या गर्भाचं जठर, हरभऱ्याएवढं,
दूध न पाहिलेलं.

अठराव्या दिवशी नुसतीच गुळगुळीत भिंत,
तेविसाव्याला खळगे.
आज मात्र पेप्सिनचं जनुक
जांभळ्या ठिपक्यांतून पुटपुटतंय,
येईल, दूध येईल.

डॉक्टर इहसानना रोजा आहे. ओठ सुकलेत,
तरी भिंगावरून डोळा हलत नाही.
“बघ हेमांगी, भुकेच्या आधीच
चूल मांडून ठेवलीय.”

तोफ होते. जिन्यात उभ्यानेच
ते खजूर मोडतात, अर्धा मला.
बी टाकायला डबा शोधते,
समोर पिवळा, झाकणावर माझंच अक्षर:
सशीण एकोणीस.
बी मुठीतच राहते.