दीडशे मिलिलिटर

दिवसभर मी हवेचेच नकाशे काढतो :
सालमियातल्या मॉलची चार मजली हवा,
पत्र्याच्या चौकोनी नळांतून
अत्तरांच्या दुकानांकडे वळवलेली.

रात्री महबुलात, कपाटावरच्या प्रिंटरपाशी,
माझ्या वाट्याला फक्त दीडशे मिलिलिटर येते
आणि गिऱ्हाईक एकच.
परकारभाई, दाभोळचे, क्रेनवर बावीस वर्षं.

तोज उठलं की आभाळ विटांच्या चुऱ्याचं होतं
आणि ते छातीवर हात ठेवून म्हणतात,
"मांजर बसलाय बघ आत."
पंप आधी दाबतात, ओढतात मागाहून.
औषध टाळ्यावर आपटतं.
जीभ कडू, मांजर तिथंच.

म्हणून मधे एक खोली हवी,
जिथं औषध क्षणभर थांबेल
माणूस येईपर्यंत.

पहिली गळकी निघाली.
दुसरीचं तोंड त्यांच्या कवळीवर खटखटलं.
तिसरीची झडप मी केकच्या सिलिकॉन कागदातून कापली,
ती उलटी बसली, श्वास सोडला की शिट्टी.
चौथी खरं तर चांगली होती,
पण मी ती फडक्याने लख्ख पुसली
आणि प्लास्टिकने सगळं औषध स्वतःच्याच अंगाला लावून घेतलं.
साबणाच्या पाण्यात बुडवायची, नुसती निथळू द्यायची,
पुसायची नाही कधी,
हे फार्मसीतल्या लिसम्माने सांगितलं,
माझ्याकडे न बघता, पावती फाडत.

पाचवी साडेचार तास छापत होती.
थरावर थर, केसाएवढा.
परकारभाई बंकच्या कडेला बसून होते.
"माज्या फुप्फुसापेक्षा हळू चाललाय ह्यो."
मी म्हटलं, दम धरा.
मग दोघंही हसलो;
दम देणारा फोरमन शेजारच्याच खोलीत घोरत होता.

दाबलं. ओढलं, सावकाश.
एक, दोन, मी बोटं मोडत मोजू लागलो.
सहाला काचेवर वाळू खरखरली.
नवाला कळलं
की माझाही श्वास मी धरून ठेवलाय.

दहा.

"उठला?" मी विचारलं.
"उठला नाय. पण कूस बदललान."

आता ती दोरीवर निथळतेय,
त्यांच्या दोन मोज्यांच्या मधे.
खालच्या बंकवरचा गुलबादशाह मघापासून
तिच्याकडे बघतोय, मग माझ्याकडे.
त्याला पुढचे दोन दात नाहीत.
ओठांचं माप
नव्याने घ्यावं लागणार.