आठात सहा ढग

माइमूच्या वहीत आभाळाचे आठ भाग असतात.
सकाळी नऊला तिने लिहिलं: ढग, आठात सहा.
पेन्सिलने. शाई इथल्या जुलैत टिकत नाही.

वोरूच्या टपाल कचेरीत चाळीस वर्षं
शिक्के मारले तिने.
आता गुडघा धरतो, म्हणून जाळं माझ्याकडे,
थर्मास माझ्याकडे,
गप्प राहायचं कामही माझ्याकडेच.

दलदलीवरून फळ्यांची वाट तळ्यापर्यंत जाते,
पाऊल पडलं की खालचं काळं पाणी
हुंकार देतं.
ऊन आलं.
लव्हाळ्यात निळ्या टाचण्या,
एक, तीन, सहा,
कुणी तळ्याचा काठ पाण्याला
घाईघाईने टाचून ठेवल्यासारखा.
ऊन गेलं,
काठ मोकळा.

"कुठे जातात?"
"कुठेच नाही. आपलं बघणं जातं."

दहाला पाऊस. बारीक, तिरका, दोन मिनिटांचा.
मग वारा. मग इतकं लख्ख की
एंडेलची होडी वल्ह्यांसकट पेटल्यागत.
त्याने लांबून ओरडून विचारलं, सापडला का?
तिने पंजा हलवला. म्हणजे नाही,
किंवा म्हणजे, तुझे मासे बघ.

तिला हवा होता पांढऱ्या तोंडाचा चतुर.
गेल्या वर्षी दिसला नाही,
त्याच्या आदल्या वर्षीही.
एका दांडीवर कात मिळाली तेवढी,
पाठीवर उसवलेली, आत कुणी नाही,
पाय मात्र अजून दांडी सोडायला तयार नाहीत.
कुणाची, ते तिने सांगितलं नाही.
काड्यापेटीत ठेवली.

बारा वाजता आठात आठ.
अशा वेळी ते उडत नाहीत, पुस्तकात आहे, वहीत आहे.
आम्ही फळीवर बसून चहा ओतला
आणि तो तिच्या गुडघ्यावर येऊन बसला,
लोकरीची पट्टी बांधलेल्या, दुखऱ्या, ऊबदार.
हीव भरल्यासारखे पंख थरथरवत.
तोंड तिच्याकडे, पाठ माझ्याकडे.

तिचा चहा निवला. वाफ सरली.
एंडेल वल्ही मारत निघून गेला.
माशी तिच्या ओठावर चालली, तरी
माइमू जागची हलली नाही.

"लिही," ओठ न हलवता ती म्हणाली. "एक."
"कोणता?"
"एक."

माझं अक्षर तिच्या वहीत पहिल्यांदाच,
वाकडं, आणि वर पावसाचा थेंब पडलेलं.
थेंबाबरोबर तो गेला.

गाडीपर्यंत ती तो पाय
न वाकवताच चालली.