दंडाचं माप

चौथ्यांदा आली मगदुमांची ऋजुता
तोच मोरपंखी ब्लाउज घेऊन.
काकू, दंडात दाबतोय. सैल करा.
मी आधी टेप काढली. साडेदहा.
वहीत मागच्या पानावर साडेदहा,
त्याच्याही मागे साडेदहा,
नवरात्राच्या आधी पावणेअकरा.
म्हणजे उतरलीयस की गं, म्हटलं.
तर म्हणते, टेप ताणली असेल तुमची.

बावीस वर्षं गावभागात मापं घेतेय.
टेप अंगाला लागली की बाया
श्वास आत घेतात, पोट पाठीला.
एकीनं बस्त्याच्या दिवशी
दीड इंच कमी लिहायला लावला,
अंगात बसेपर्यंत जेवणार नाही म्हणाली
आणि नाही जेवली.
मांडवात चक्कर आली तिला.
फोटो मात्र छान आले म्हणे.

ऋजुताला कुणी फारसं बोललेलं नाही.
एकदा आत्या आली होती, भडंग खाता खाता
सहज म्हणाली, दंड आमच्यावर गेलेत पोरीचे.
एवढंच.
भडंग संपलं, आत्या जयसिंगपूरच्या गाडीत बसली,
वाक्य उठलंच नाही.

दुकानातला आरसा पुरात होता आठ दिवस.
कमरेखाली त्याचा पारा गेलाय, काळे काळे डाग.
बदलायचा म्हणते, राहतं.
बाकीच्या कुरकुरतात.
ही बुटकं स्टूल ओढून खाली बसते,
अख्खी त्या डागांत मावते,
आणि मगच सरळ बघते.

खरं सांगू, मागच्या खेपेला
मी एक टाकाही उसवला नव्हता.
नुसती इस्त्री मारून दिला.
आता बरं वाटतंय, म्हणाली होती.
चार दिवस वाटलं.

आज पुन्हा इस्त्री तापवायचं जिवावर आलं.
टेप तिच्या हातात दिली,
म्हटलं, घे, माझा दंड मोज.
बावन्न वर्षांचा, मशीन मारून मारून लोंबलेला,
कुणी मोजलेला नाही आजवर, मीसुद्धा.
तिनं टेप गुंडाळली, दुखू नये अशी,
वाकून आकडा शोधायला लागली.

दंड मोजत होती ती.
पोट आत घ्यायचं
मला काही कारण नव्हतं.