रिव्हिजन डी

रबाळ्याला, नाल्याकडच्या आमच्या गाळ्यात,
सोमवारी पोत्यातून परत आला
पंपाचा शाफ्ट. तुटका. यंदाचा सातवा.
पोत्याला अजून कांद्याचा वास होता.

तुटलेलं तोंड मी दिव्याखाली धरलं.
एका कडेपासून निघालेल्या बारीक कमानी,
एकीमागे एक, एकीमागे एक,
आणि शेवटी करडा, खरबरीत तुकडा,
जिथे उरलेल्या पोलादाने एकदमच हात टेकले.
कॉलेजात या कमानींचं नाव पाठ केलं होतं.
पॅकिंगमधला जनेश मागून वाकून म्हणाला,
ओहोटीला खाडीच्या गाळावर अशाच रेघा राहतात, मॅडम.
पाणी कितीदा आलं-गेलं, दिसतं.

रेघांच्या मागे मागे गेले तर
चाळीसचा व्यास पस्तीसवर उतरतो ती पायरी,
पायरीच्या बुडाशी कोपरा. काटकोन. कोरा, धारदार.
ड्रॉइंगमध्येही तसाच.
माप बरोबर, सही बरोबर.
नवी सीएनसी तर फारच बरोबर:
सांगितलं तेवढंच कापते,
केसभरही स्वतःच्या मनाचं नाही.

मग जुने बारा बारा वर्षं कसे फिरले?

भंगाराच्या ढिगातून एक ओढून काढला.
कोपऱ्यात रेडियस गेज लावलं. दोन.
परत लावलं. दोनच.
शिवाय पायरीला चिकटून एक पातळ रिंग,
आतली कड तिरकी घासलेली,
कारण गोल कोपऱ्यावर बेअरिंग नीट टेकत नाही
आणि हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.
रिंग कुठल्याच ड्रॉइंगमध्ये नव्हती.
स्टोअरच्या वहीत मात्र होती,
दर महिन्याला, निळ्या शाईत:
केणे, जाड वॉशर, नग वीस.

वाल्मिक केणे. टर्नर. रिटायर झाला
त्याच महिन्यात सीएनसी आली,
पेढे एकाच खोक्यातले वाटले होते.

मी कोपरा गोल केला.
रिंगला नंबर दिला, माप दिलं, घर दिलं.
हात होताच तर बाकीचंही काढलं:
कव्हरला तीन मापांचे बोल्ट होते, एकाच मापाचे केले,
रात्रपाळीला आता एक पाना पुरतो.
साइड प्लेट घाईत उलटी बसायची;
एक भोक मुद्दाम चार मिलिमीटर सरकवलं,
आता ती उलटी बसतच नाही,
कोणाला ओरडावं लागत नाही.
पाच सेटिंगची दोन झाली.
टेस्ट बेडवर शाफ्ट फिरत राहिला, फिरत राहिला,
जेवणाच्या सुट्टीतही मी त्याचाच आवाज ऐकत बसले.

उजव्या कोपऱ्यात, वरती, एक तक्ता असतो:
रिव्हिजन, तारीख, बदलाचं कारण, कोणी केला.
कारणाचा रकाना करंगळीएवढा.
लिहिलं: शाफ्ट थकून तुटतो. कोपरा गोल केला.
‘कोणी केला’मध्ये माझी आद्याक्षरं आपोआप पडली.
पुसून बघितली. पुन्हा पडली.

शनिवारी प्रिंट घेऊन गोठिवलीला गेले.
केणे ओट्यावर शेजारणीचा मिक्सर उघडून बसलेला,
स्क्रू ताटलीत, काढले त्या क्रमाने.
हात लुंगीला पुसले, कागद मांडीवर पसरला.
मी सांगायला लागले: सात शाफ्ट, रेघा, भंगार,
वहीतली निळी शाई.
त्याने मान वर केली नाही.
गोल कोपऱ्यावरून बोट पुढे गेलं,
जणू तो पहिल्यापासून तसाच होता,
रिंगवरून गेलं,
चावीच्या खाचेपाशी थांबलं.
खाचेच्या टोकाला, तळाशी, नखाने टोचलं.

आन् यो, बाय?
यो कोपरा कवा गोल करनार?

मी पर्समध्ये पेन्सिल शोधू लागले.