दोन दहा ते पाच वीस

शीतगृहाच्या भिंतीवर गोल कागद फिरतो,
आठवड्याला एक फेरी.
त्यावर निळ्या शाईची सुई,
उणे अठराच्या रेघेला धरून चालणारी,
भिंतीकडेनं जाणाऱ्या शहाण्या मुलीसारखी.

बुधवारी पहाटे ती भटकली.
दोन दहाला रेघ सोडून वर गेली,
पाच वीसला परतली,
आणि पुढे अशी चालू लागली
की कुठे गेलेच नव्हते.

अकरा टन शिंपल्या. उकडून, सोलून, गोठवून,
स्पेनच्या बोटीसाठी खोक्यांत बंद.
मी एक खोकं फोडलं,
अंगठ्यानं मांस दाबलं. टणक.
हुंगलं. समुद्राचाच वास.
अंगठ्याला कळत नाही
म्हणून तर सुई बसवली होती.

टेबलावर रात्रपाळीची वही.
शिसपेन्सिलीनं, बाकदार अक्षरात:
‘मी झोपलो होतो. भोंगा ऐकला नाही.
रेमिहियो नावेल्किन.’
वहीशेजारी खोडरबर,
माझंच.

पुएर्तो माँतहून इसाउरोचा फोन.
‘एदुविना, सुया बिघडतात. कागद बदल.
बोट शुक्रवारी सुटते.’
मग जरा थांबून: ‘पोरगाही वाचेल.’
हा वाईट माणूस नाही.
आईच्या ऑपरेशनला अर्धे पैसे
यानंच दिले होते, कुठं न बोलता.
वाईट असता तर
मी केव्हाच फोन ठेवला असता.

त्याच सकाळी बेकरीत
दोनशे पेसो जास्त आले होते हातात.
मी अर्ध्या रस्त्यातून मागे गेले, परत केले.
बाई हसली. वर एक पाव दिला.
तो खात खात मी आले कारखान्यात
स्वतःवर भलतीच खूश.
दोनशे पेसोंत सच्चेपणा परवडतो,
पावासकट.

खिडकीबाहेर केयोनचं बंदर, ओहोटी,
चिखलात कुशीवर पडलेल्या होड्या.
पाणी गेलं की
कुठल्या होडीचा तळ कुजलाय
ते सगळ्या गावाला दिसतं.

रेमिहियोला जुळं झालंय, पाच आठवड्यांचं.
दिवसा ती झोपू देत नाहीत.
रात्री पूर्वी दोघं असायचे पहाऱ्याला.
मार्चमध्ये एक मी कमी केला.
फाइलीतला शब्द होता ‘सुसूत्रीकरण’.
सही करताना पेन अडलं नव्हतं,
चहा निवायच्या आत झालं होतं काम.
त्या दिवशी कोणती सुई हलली
ते कुठल्याच कागदावर नाही.

मी वही ओढली.
त्याच्या ओळीखाली लिहिलं, शाईनं:
‘पहाऱ्याला एकच माणूस होता.
निर्णय माझा. एदुविना कार्कामो.’
गोल कागद भिंतीवरून उतरवला,
घडी न घालता फाइलीत ठेवला.
मग इसाउरोला फोन लावला
आणि तीनदा वाजल्यावर
तोंडाला कोरड पडली.

बोट आमच्याविना गेली.
अकरा टन खड्ड्यात, वर चुना.
गल पक्ष्यांनी दोन दिवस
आमच्यावर घिरट्या घातल्या.

शनिवारी दारात ओतिलिया उभी, 
तेवीस वर्षं शिंपल्या सोलणारी,
बोटांची पेरं पांढरी पडलेली.
म्हणाली, ‘बाई, सच्चेपणा तुमचा
आणि बोनस आमचा.’
मी तोंड उघडलं
आणि मिटलं.
अजूनही तिच्यासाठी उत्तर शोधतेय;
सापडतात ती सगळी
पगारी माणसाची उत्तरं आहेत.

इसाउरो हल्ली फोनवर
फक्त आकडे विचारतो.
माझी खुर्ची वर्षअखेरपर्यंत आहे, मग बघू.

रात्री मात्र पुन्हा दोघं असतात.
रेमिहियो आणि एक म्हातारा, बार्रिया आडनावाचा,
पहाटे तीनला पत्ते खेळतात,
भोंग्याच्या अगदी खाली खुर्च्या मांडून.
मला माहीत आहे.
मी ते नोंदवत नाही.