मानस

चंद्रावती टोल द्यायला उठते,
त्याच्या आधीच कृतेशचे हात कानांवर,
दोन्ही कोपरं
वर उचललेल्या वल्ह्यांसारखी ताठ.

जुलैत मी ते हात ओढून खाली घेतले होते.
हे इथं लिहिते,
कारण शाळेच्या नोंदवहीत ते नाही.
तो ओरडला, मग बाकाखाली गेला,
आणि पहिली ते चौथीची अकरा मुलं
माझ्याकडे बघत राहिली. त्याच्याकडे नाही.

चोडणच्या फेरीबोटीत त्याचा बाप भेटला, जयराम,
पायांशी कोळंबीचा डबा.
रागावला नाही. म्हणाला, रविवारी बांधावर या.

खाजनाच्या टोकाला मानस आहे:
चिऱ्यांची कमान, तीन लाकडी दारं.
भरती आली की नदीच ती लावून घेते,
ओहोटीला शेतातलं पाणी आतून लोटतं.
कडी नाही, कुलूप नाही.
कुणी एकानं ऐन भरतीत पहार घातली होती म्हणे.
तीन वर्षं त्या शेतात
कोरगूटसुद्धा उगवला नाही.
"टीचर, हें धुकलून उगडना,"
जयराम म्हणाला. तो दाराबद्दलच बोलत होता.
कृतेश पालथा पडून फटीतून पाहत होता,
बोटं पाण्यासारखी हलवत.
आणि मी, वीस वर्षं
'मानस म्हणजे मन' असं फळ्यावर लिहीत आलेली.

तेव्हापासून काय केलं? फार नाही.
टोलाच्या पट्टीला जुनं लुगडं गुंडाळलं.
तास संपायच्या पाच मिनिटं आधी
संजना खिडकीत निळा रुमाल टांगते.
कपाटामागे गोणपाटाची जागा,
तिथं गेलेल्याला हाक मारायची नाही,
कुणीही गेलेलं असो. (मागच्या आठवड्यात मी गेले होते.)
'माझ्याकडे बघ' हे वाक्य मी टाकलं,
अजून जिभेवर येतं, गिळते.
वजाबाकी तो भरती-ओहोटीच्या वेळांची करतो,
म्हणून आता सगळेच तशी करतात,
आणि चुकलं की त्यालाच विचारतात.

परवा तो रुद्रला चावला.
रुद्रच्या आईला काय सांगायचं
ते मला अजून सुचलेलं नाही.

पणजीहून फॉर्म आलाय.
'मुलाचा इतरांशी संवाद : आहे / नाही.
एकावर खूण करावी.'
पेन धरून बसले, मधली सुटी संपत आली.
तो मागून आला,
पेन माझ्या बोटांतून काढून घेतलं,
आणि त्या दोन शब्दांमधल्या तिरप्या रेघेला
वर एक, खाली एक
बिजागरी काढली.
मग बाजूला आकडे : ११.२०.

मी घड्याळ पाहिलं.
पाच मिनिटं होती.