कुठूनतरी हवा ओढतेय

आमच्या ओम्नीचं इंजिन सीटखाली,
त्यामुळं तिचं जे काय बिनसेल
ते आधी आपल्या मांड्यांना कळतं.

पाय काढला तरी ती रेसमध्येच.
सात रस्त्याच्या सिग्नलला
शेजारचा रिक्षावाला वळून बघायचा,
अक्का, एवढी घाई असेल तर उडवा की.
मग आवाज एकदम खाली,
इतका खाली की आता गेली वाटावं,
आणि परत वर.
मागं टॉवेलचे चौदा गठ्ठे,
पार्सल ऑफिस साडेपाचला बंद,
आणि ही जागच्या जागी
चढ चढल्यासारखी धापा टाकतेय.

दस्तगीर मिस्त्रींनी काय नाही केलं.
केबल सैल सोडून पाहिली.
चोक अडकलाय का पाहिलं, नव्हता.
कार्बोरेटर उतरवून जेट तोंडानं फुंकला
आणि दिवसभर पेट्रोलच्या चवीचा चहा प्याले.
शेवटी आयडलचा स्क्रू उलटा फिरवत फिरवत
पार मोकळा केला.
दोन दिवस बरी चालली.
तिसऱ्या दिवशी होटगी रोडला पुन्हा तेच.
"कुठूनतरी हवा ओढतेय," ते म्हणाले,
आणि त्या "कुठूनतरी"चे पैसे लावले नाहीत.

नाना एका कानानं ठार बहिरे,
दुसऱ्यानं सोयीपुरते.
तीस वर्षं पूर्व भागातल्या शेडमध्ये
चोवीस मागांच्या मधोमध उभे होते.
गाडी कशी आवाज करते
हे त्यांना सांगून काय उपयोग,
उगीच घरी बसून कंटाळतात म्हणून
गॅरेजवर नेलेलं.

उचललेल्या सीटशेजारी वाकले,
इंजिनवर तळहात ठेवला,
चटका बसला, काढला.
मग गठ्ठ्यातल्या एका टॉवेलची दशी ओढली,
वीतभर सूत.
मी ओरडले, नाना, ऑर्डरचा माल आहे!
ऐकू आलं नाही,
किंवा तसं दाखवलं.

सूत चिमटीत धरून
एकेका नळीशी नेत राहिले,
सावकाश,
चालत्या मागावर तुटलेली तार शोधावी तसे.
कार्बोरेटरच्या बुडाशी सूत नुसतं लटकलं.
जाड नळीशी लटकलं.
पाठीमागं एक करंगळीपेक्षा बारीक नळी होती,
डिस्ट्रिब्युटरकडं जाणारी,
तिथं ते वळलं.
वळलं, ताठ झालं
आणि नळीच्या पोटाला जाऊन चिकटलं.
"आगु," नाना म्हणाले.
मला की गाडीला, कळलं नाही.

चीर. नखाएवढी.
सोलापूरच्या किती उन्हाळ्यांनी वाळलेलं रबर,
वळणाच्या आतल्या अंगाला फाटलेलं,
जिथं डोळा पोचत नाही.
नानांनी तिच्यावर अंगठा दाबला
आणि गाडी बंद पडली.

माझ्या पोटात धस्स.
दस्तगीर मिस्त्री मात्र खुशीत हसले,
"पडणारच की बंद!
स्क्रू मोकळा, हवा मिळायची ती त्या चिरेतनंच.
आपण सगळं तिच्याच मापानं लावून ठेवलं होतं."
नळी अठरा रुपयांची.
स्क्रू परत आवळायला मात्र पाऊण तास,
अर्धा आटा, पाव आटा,
थांबायचं,
कान द्यायचा,
पुन्हा केसभर.
दशी ओढलेला टॉवेल त्यांनीच हात पुसायला घेतला.
मी हिशोबात तो नमुना म्हणून लिहिला.

परतताना पुन्हा सात रस्ता, पुन्हा लाल.
मांड्यांखाली काहीच नाही.
बंद पडली वाटून मी चावीकडं हात नेला.
शेजारी नाना,
सीटच्या कडेला चार बोटं टेकवून, समोर बघत.
"चालू आहे," ते मला म्हणाले.

सिग्नलला अजून एकवीस सेकंद होते.